आयगर: टूर मॅनेजरने न सांगितलेलं

प्रश्न: मे महिन्यात टूरबरोबर स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला गेलो होतो. क्लाइन शायडेगला गाडी बदलताना टूर मॅनेजरने समोरचा कडा दाखवून "हा आयगर, इथे खूप माणसं मेली" एवढंच सांगितलं. उंची तर चार हजार मीटरही नाही. मग याचं एवढं प्रस्थ का? आणि लिंगाणा, वजीर हे सुळके केलेल्या माझ्यासारख्याला तो चढता येईल का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: येईल, पण तुम्ही पाहिलात त्या बाजूने नाही.

आयगर 3967 मीटर. त्याचा माथा 11 ऑगस्ट 1858 रोजीच सर झाला. चार्ल्स बॅरिंग्टन हा आयरिश गडी क्रिस्टियान आल्मर आणि पीटर बोरेन या स्थानिक गाइडांबरोबर पश्चिमेकडून चढला. त्याला मॅटरहॉर्नही खुणावत होता, पण खिशात पैसे उरले नव्हते! प्रस्थ आहे ते उत्तर कड्याचं. सुमारे 1800 मीटरची भिंत, आणि तीही चुनखडीची. आपल्या बसाल्टमध्ये आडवे थर असतात, पायाला कुठे ना कुठे पायरी मिळते. इथले थर कौलांसारखे दरीकडे कललेले, गुळगुळीत. होल्ड (हातापायाला पकड) असतो, पण बाहेर उतरता. वर दगड धरून ठेवतो तो बर्फ. दुपारी ऊन आलं की तो सैल होतो आणि दगडांचा मारा सुरू.

जुलै 1936 मध्ये हिंटरश्टॉयसर, कुर्त्स, आंगेरर आणि रायनर हे चौघे गिर्यारोहक हा कडा चढत होते. हिंटरश्टॉयसरने गुळगुळीत पट्टा रोपच्या ताणावर आडवा पार केला आणि मागचा रोप काढून घेतला. आंगेरर जखमी झाल्यावर परतायची वेळ आली, तेव्हा बर्फाने मढलेला तो ट्रॅव्हर्स उलटा करता येईना. तुमची गाडी ज्या बोगद्यातून गेली, त्याचं एक दार या कड्यात उघडतं. रेल्वेचा पहारेकरी तिथून बाहेर डोकावला, वरून "सगळं ठीक" अशी हाक आली, म्हणून त्याने चहा ठेवला. चहा प्यायला कुणीच आलं नाही. हिमलोटात तिघे गेले. टोनी कुर्त्स रात्रभर रोपवर लटकला. दुसऱ्या दिवशी खालच्या गाइडांनी त्याला दोन रोप जोडून दिले, तर ती गाठ कॅराबिनरमधून (रोप अडकवायच्या कडीतून) सरकेना. गाइडांपासून काही मीटरवर त्याने प्राण सोडला. रॅपलिंग (रोपवरून खाली उतरणं) करताना गाठ पार करण्याचा सराव मुलांकडून घेताना मी हा किस्सा हटकून सांगतो.

1938 च्या जुलैत कडा सर झाला. हेकमायर-फ्योर्ग ही जर्मन आणि हारर-कास्पारेक ही ऑस्ट्रियन अशा दोन जोड्या वेगवेगळ्या निघाल्या आणि वर एक झाल्या. हाररकडे क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटांना बांधायचे काटे) नव्हते, नुसते खिळ्यांचे बूट. माझ्या मते खरी मोहीम हेकमायरची, नाव मात्र हाररचं जास्त झालं. नाझींनी या यशाचा भरपूर डांगोरा पिटला. हाच हारर पुढे नंगा पर्बतहून परतताना दुसऱ्या महायुद्धात अडकला, काही महिने आपल्या नगरच्या छावणीत कैदी होता, नंतर देहरादूनहून निसटून तिबेटात पोचला.

आता तो कडा जाणकार शक्यतो थंडीत करतात, दगड गोठलेले असतात म्हणून. 2015 मध्ये स्विस गिर्यारोहक उएली श्टेकने तो एकट्याने 2 तास 22 मिनिटांत केला. ते आपलं काम नव्हे.

तुमच्यासाठी मित्तेलेगी, म्हणजे ईशान्य धार. 1921 मध्ये युको माकी हा जपानी तीन स्विस गाइडांबरोबर ती पहिल्यांदा चढला. नेपाळमधल्या मनासलू शिखराच्या 1956 च्या मोहिमेचा नेता तोच. त्याने दिलेल्या पैशांतून धारेवर झोपडी उभी राहिली. त्याच रेल्वेच्या आयस्मेअर स्टेशनवर उतरायचं, बोगद्यातून हिमनदीवर यायचं, ती ओलांडून झोपडीत मुक्काम करायचा आणि पहाटे अंधारात निघायचं. अवघड जागी जाड दोर कायमचे बांधलेत. पहाटे ते इतके कडक असतात, की हातमोज्यातून मूठ नीट वळत नाही. दोन्हीकडे एक्स्पोजर (पायाखाली उघडी दरी) लिंगाण्यासारखंच, फक्त तासन् तास.

लिंगाण्याचा अनुभव धारेवर कामी येईल, हिमनदीवर नाही. आधी उत्तरकाशी किंवा मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा, क्रॅम्पॉन घालून खडकावर चालायची सवय करा. गाइड घ्याच. तो इथे बहुधा एकाच माणसाला नेतो, म्हणजे खर्च तुमच्या पूर्ण टूरच्या पुढे जाऊ शकतो. पश्चिमेची जुनी वाट सोपी म्हणून उतरायला निवडू नका. घसारा आहे आणि वाट चुकते. दक्षिण धारेने म्योंखयोख या खिंडीकडे उतरा. वेळ लागतो. युंगफ्राउयोखची शेवटची गाडी चुकली, तर म्योंखयोखच्या झोपडीत झोपायची सोय होते.