पॅड घेण्याआधी ब्रेक ऑइल बघ

भावा, गाडी रीमॅप केलीस, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलीस, आणि आता विचारतोयस ब्रेक पॅड रेसिंगचेच घेऊ का. रीमॅप आधी आणि ब्रेक नंतर. क्रम उलटा झाला, पण असो. थेट रेसिंगचे पॅड मात्र घेऊ नकोस. ते तापल्याशिवाय धरत नाहीत. डिसेंबरात सकाळी गंगापूर रोडच्या पहिल्याच सिग्नलला गाडी पुढे सरकेल तेव्हा कळेल. वर किंचाळणं आणि डिस्कची झीज वेगळीच. तुझं शहरातलं फिरणं आणि अधूनमधून कसारा घाट, एवढ्याला रस्त्यासाठीचे चांगले सेमी-मेटॅलिक (धातूमिश्रित) पॅड पुरेत.

मी पहिल्यांदा नुसते पॅड बदलले, ऑइल जुनंच. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना पेडल स्पंजासारखं खाली गेलं! पॅड ठणठणीत होते, ऑइल उकळलं होतं. ते हवेतली ओल शोषतं ना. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, ओल धरलेलं १५५ लाही उकळू शकतं. म्हणून आधी ऑइल बदल.

पॅड बसवल्यावर ते डिस्कवर नीट जुळावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर जा, मागे कुणी नाही बघ. ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरव, पूर्ण थांबू नकोस. मग ब्रेक फारसा न दाबता पाच-सात किलोमीटर चालव, थंड होऊ दे. हँडब्रेकही लगेच ओढू नकोस.