बंद खोलीतला शॉवर

प्रश्न : मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात साफसफाईचे काम करतो. पावसाळाभर बंद राहिलेली खोली उघडल्यावर शॉवर पाच मिनिटे सोडून ठेवा, असे साहेब सांगतात. एवढे पाणी वाया घालवणे खरोखर गरजेचे आहे का?

उत्तर : होय. नळ्यांत साचलेल्या, साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लेजिओनेला हे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर फुप्फुसांत गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनातील १८२ जण याच आजाराने पछाडले गेले व २९ दगावले. जिवाणूचा शोध पुढच्या जानेवारीत लागला. पाहुण्याआधी धोका तुम्हालाच असतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून शॉवरची जाळी बादलीतल्या पाण्यात बुडवून किंवा तिच्यावर कापड गुंडाळून, तुषार उडू न देता पाणी सोडावे आणि तेवढा वेळ न्हाणीघराबाहेर थांबावे. जाळीवर पांढरा क्षार धरला असेल तर तो काढावा, कारण जिवाणू त्याच्याच आडोशाने टिकतात. गरम पाण्याच्या टाकीचे तापमान ६० अंशांखाली जाऊ देऊ नये. पुढे ताप व खोकला आल्यास डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे.