शब्द एकटा पाठ करू नकोस

तुझ्या वहीचा फोटो बघितला. श्रिंक, डिमिनिश, वेन, ड्विंडल, चौघांपुढे एकच अर्थ लिहिलायस, कमी होणे. आणि वर विचारतेस, सर टेस्टमधे गोंधळ का होतो. अगं होणारच ना, चौघांना तूच एका नावाने हाक मारलीस.

शब्द एकटा पाठ करायचा नाही, तो कोणाबरोबर फिरतो ते बघायचं. मराठीत तू हे आपोआप करतेस की. पूर ओसरतो, विहीर आटते, साबण झिजतो, गर्दी रोडावते. साबण ओसरला म्हणशील का कधी? मग इंग्रजीतच सगळं एका पोत्यात का कोंबतेस! धुतल्यावर स्वेटर श्रिंक होतो, चंद्र वेन होतो, आणि ड्विंडल म्हणजे आपलं रोडावणं, शिल्लक पैसे, साठा, सभासद, आशा, हळूहळू करत पार संपत येईपर्यंत. झिजत जाणं अशा अर्थाचं एक जुनं इंग्रजी क्रियापद होतं त्याला शेवटी ल लागून हा झालाय, ट्विंकल, स्पार्कलमधे पण तोच ल, पुन्हा पुन्हा होणारं दाखवणारा. आणि पैसे ड्विंडल होतात, आपण सहसा ते ड्विंडल करत नाही, जसं गर्दी कोणी रोडावत नाही, ती रोडावते.

डीडब्ल्यूने सुरू होणारे रोजच्या वापरातले शब्द जेमतेम तीन, ड्वार्फ म्हणजे बुटका, ड्वेल म्हणजे राहणं, आणि हा. बुटक्याच्या शेजारी बसलाय, आता विसरून दाखव.

मी तुझ्या वयाचा असताना अशीच वही भरायचो, तीनशे पानी. हॉस्टेलवर एकदा ऐटीत म्हणालो, माझा शर्ट ड्विंडल झाला. सगळे इतके हसले की पुढची दोन वर्षं मी इंग्रजीत तोंडच उघडलं नाही, वही मात्र भरतच राहिलो. मूर्खपणा, दुसरं काय. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायचा, तासाभरात निम्म्याहून जास्त गायब. तुझी यादी त्याच जातीची आहे, धरायला काही नाहीच तिच्यात.

म्हणून परत सांगतो, सोबत बघ, सोबत. बाकीचे म्हणतात सर एका शब्दावर अख्खा तास घालवतात, पोर्शन कधी संपवणार. घालवतो. माझी दोन वर्षं गेलीत त्या एका शर्टापायी.

उद्या ड्विंडलची तीन वाक्यं पाठव, तुझ्या स्वतःच्या गोष्टींवरची, गूगलवरची नकोत. परवा परत तीन, मग आठवड्याने.