प्रगत नर्सिंग शिकताना विज्ञानाचं तत्त्वज्ञान कशाला हवं?

तुम्ही विचारलंय की पहिल्याच सत्रात पॉपर आणि कून हे विज्ञानाचे तत्त्वज्ञ, पॅराडाइम (म्हणजे एखाद्या काळातली शास्त्राची सर्वमान्य चौकट) हे सगळं का घातलंय, वॉर्डात त्याचा उपयोग काय आणि पेपरसाठी काय वाचावं. शिवाय तुमच्या सीनियर म्हणतात, "नर्सचा हात चालला म्हणजे झालं." ते वाक्य वाचलं म्हणूनच लिहायला बसले.

उपयोग आहे, आणि तो रुग्णाच्या उशाशीच आहे.

सर्जिकल वॉर्डात आतड्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते. नाईटचा हँडओव्हर घेतला तेव्हा चार्ट अगदी स्वच्छ. पल्स ८८, ताप नाही, बीपी ११८, ऑक्सिजन ९६, श्वास १८. अर्ली वॉर्निंग स्कोअर, म्हणजे अशा प्रत्येक आकड्याला गुण देऊन रुग्ण बिघडतोय का हे दाखवणारी बेरीज, शून्य. पण आजोबा चादरीची कड सारखी चिवडत होते आणि गुडघे गार लागत होते. घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजला, २८ भरला. आधीच्या प्रत्येक नोंदीत १८ होता, एकदाही १७ नाही की १९ नाही. म्हणजे तो कुणी मोजलेलाच नव्हता, नुसता लिहिला होता.

मग बाकीचे आकडे एकेक करून पुन्हा पाहिले. पल्स ८८, पण मेटोप्रोलॉल चालू होतं, ते पल्सला वर जाऊच देत नाही. ताप नाही, पण पॅरासिटामॉल वेळच्या वेळी जात होतं. बीपी ११८ दिसायला छान, पण ऑपरेशनच्या आधीच्या कागदांवर ते १६० च्या खाली कधी नव्हतंच. स्कोअरला हे कळत नाही. त्याच्या लेखी १११ पासून २१९ पर्यंत सगळं सारखं, शून्य गुण.

ऑन-कॉल डॉक्टर फोनवर म्हणाले, "स्कोअर झिरो आहे सिस्टर, तुम्हाला नुसतं वाटतंय." मी सांगितलं, श्वास २८ धरला की त्या एकाच निकषात ३ गुण होतात आणि एका निकषात ३ म्हणजे येऊन बघायचं. ते आले. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढतं ते) वाढलेलं निघालं, सीटी झाला, आतड्याचा जोड सुटला होता. उजाडायच्या आत आजोबा पुन्हा ओटीत गेले, आणि वाचले.

सकाळच्या राउंडला मोठे सर कौतुकाने म्हणाले, "सिस्टरांचा सिक्स्थ सेन्स!" ते कौतुक मला आजही बोचतं. मी अंदाज मांडला होता की जोड सुटून पोटात जंतुसंसर्ग चालू झालाय. तसं असेल तर श्वास वाढलेला सापडायला हवा, म्हणून तोच मोजला. १६ निघाला असता तर माझा संशय बराच ढिला पडला असता. पॉपरने १९३४ मध्ये हेच मांडलं की जे विधान चुकीचं ठरू शकतं अशी परीक्षा देतं, तेच वैज्ञानिक. आणि हॅन्सन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये दाखवलं की निरीक्षण कधीच कोरं नसतं. मेटोप्रोलॉल ठाऊक असलेल्याला त्याच ८८ मध्ये वेगळं काही दिसतं. डॉक्टरांनी केलं की त्याला क्लिनिकल रीझनिंग म्हणतात, आम्ही केलं की सिक्स्थ सेन्स.

यात आपल्याच लोकांचाही हातभार आहे. नर्सिंगच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगच्या ज्ञानाचे चार प्रकार मांडले: शास्त्रीय, कलात्मक, व्यक्तिगत आणि नैतिक. मांडणी चांगली आहे, पण शिकवताना रुग्णाजवळची सगळी पारख "कला" या खात्यात ढकलून मोकळे होतात. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये तज्ज्ञ नर्सच्या अंतःप्रेरणेला मान मिळवून दिला, आणि माझं भांडण नेमकं तिथे आहे. ज्याला कारण देता येत नाही, ते रात्री दोन वाजता फोनवर कुणी ऐकत नाही.

आता हेही सांगायला हवं की प्रत्येक शंका खरी निघत नाही. अनुभवाचा तोरा मिरवू नये, कारण हाडावरची लाल झालेली जागा चोळायची असं कितीतरी नर्सेसना पूर्ण खात्रीने शिकवलं गेलं आणि त्याने आतल्या पेशींना इजाच होते हे नंतर कळलं. म्हणून चाचण्यांचे पुरावेही वाचायचे. फक्त त्या चाचण्या कुठल्या रुग्णांवर झाल्या हे बघून.

नोट्समध्ये "रुग्ण बरा वाटत नाही" असं कधी लिहू नका. काय दिसलं, त्यावरून काय वाटतं आणि काय तपासलं तर ते खोटं ठरेल, हे तिन्ही लिहा. राउंडला कुणी सिक्स्थ सेन्स म्हणालं तर गप्प बसू नका, तिथेच आकडे सांगा. मी त्या दिवशी ऐकून घेतलं, तुम्ही घेऊ नका.

पेपरचं म्हणाल तर कार्पर आणि कून नोट्सवरून होतील. पॉपर आणि हॅन्सन मात्र ड्युटी चालू असतानाच वाचा, एखादी केस समोर ठेवून.