घाटमाथ्याच्या धारेवर जुने हद्दीचे दगड कसे शोधावेत?

जुन्नर आणि मुरबाड तालुक्यांमधल्या डोंगरधारेवर हद्दीचे जुने दगड असल्याचे आपण गावातील वृद्धांकडून ऐकले, परंतु दोन वेळा जाऊनही आपल्याला एकही सापडला नाही, म्हणून ते कसे शोधावेत असे आपण विचारले आहे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतरही नाणेघाटाच्या आसपासच्या धारा मी बऱ्याच हिवाळ्यांत पालथ्या घातल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की दगडाच्या शोधाला निघण्यापूर्वी रेषा समजून घ्यावी लागते, कारण रेषा कळली की दगड कोठे असायला हवा आणि कोठे असण्याचे कारणच नाही हे आपोआप कळते.

या भागातील धार हीच मुळात हद्द आहे. तिच्या पूर्वेला पडलेला पाऊस कुकडीतून घोड आणि भीमेकडे जातो, तर पश्चिमेला पडलेला काळूमार्गे उल्हास नदीला मिळतो. जेथे कडा सरळ तुटलेला आहे आणि पाणी कोणीकडे वाहणार याविषयी शंकाच नाही, तेथे कोणी दगड रोवण्याचे कष्ट कशाला घेईल? दगड रोवले जात ते जेथे भांडण होण्यासारखी जागा असे तेथे: खिंडीत, जेथून वाट आणि गुरे ये-जा करतात, मुख्य धारेपासून एखादी सोंड फुटते आणि खरी धार कोणती हे पाहणाऱ्याला उमगत नाही त्या ठिकाणी, आणि माथा रुंद, सपाट होऊन पाणी दोन्हीकडे रेंगाळते अशा सड्यावर. आपण बहुधा शिखरे पाहत गेला असाल. पुढच्या वेळी शिखरे सोडून खिंडी पाहाव्यात.

निघण्यापूर्वी दोन कागद जवळ असावेत. पहिला म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्यांसह भूप्रदेश दाखवणारा नकाशा. त्याच्या सूचीत सर्वेक्षण झालेला सीमास्तंभ, जागेवर न सापडलेला सीमास्तंभ आणि तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, या तिन्हींसाठी निरनिराळ्या खुणा दिलेल्या असतात. त्यांतील तिसरी खूण आपल्याला सर्वांत उपयोगी पडेल, कारण अशा जागी तिन्ही गावांना दगडाची गरज होती. दुसरा कागद म्हणजे दोन्ही बाजूंच्या गावांचे गाव नकाशे, आणि मिळाल्यास जुनी टिपणे, म्हणजे मोजणीच्या वेळी मापे लिहून केलेली कच्ची रेखाटने. टिपणातील मापे साखळी आणि आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा.

येथे नवखा माणूस हमखास चुकतो. नकाशावरील अंतर हे आडवे, सपाटीचे अंतर असते. म्हणून पूर्वी चढावर मोजताना साखळी जमिनीलगत न टाकता पायरीपायरीने आडवी ताणून धरावी लागे. 30 अंशांच्या उतारावर आपण जमिनीवरून 100 मीटर चाललात, तर नकाशावर ते सुमारे 87 मीटरच भरतात. पावले मोजून शोधत असाल, तर दगड अजून पुढे असतानाच आपण थांबता आणि भलत्याच जागी झुडपे चाळत बसता.

दगड ओळखावा कसा, हे मला सापडलेल्या एका दगडावरून सांगतो. एका खिंडीत, कारवीच्या वाळक्या काड्यांत, तो जेमतेम वीतभर वर आलेला होता. चारही अंगांनी टाकी मारलेला काळा पाषाण, माथ्यावर फुली, आणि त्या फुलीची एक रेघ नेमकी धारेच्या दिशेने गेलेली. कोकणाकडच्या अंगावर दगडफुलाचे राखी थर दाट होते, देशाकडच्या अंगावर विरळ. बुडाशी चारही बाजूंनी चिपा, म्हणजे दगडाच्या पाचरी, इतक्या घट्ट ठोकलेल्या होत्या की हाताने रेटूनही दगड हलला नाही. त्या चिपा पाहिल्यावर मनातील शंका फिटली, कारण दरडीतून घरंगळून आलेल्या दगडाला चिपा कोण लावणार? मी तेथे बराच वेळ बसून होतो. तो दगड रोवणाऱ्याने ज्या दिशेला पाहिले असेल तिकडे पाहिले, तर पुढची खिंड स्वच्छ दिसत होती.

वनखात्याचे दगड रचून केलेले बुरूज आणि गिर्यारोहकांनी वाटेसाठी रचलेल्या दगडांच्या राशी यांच्याशी गल्लत करू नये. राशीतील दगड सुटे असतात. सूर्य-चंद्र कोरलेली शिळा आढळली, तर ती वीरगळ किंवा दान मोडणाऱ्याला शाप देणारी गधेगळ असू शकते. तो विषय वेगळा आहे.

कागदाइतकाच माणसांचाही आधार घ्यावा. शिवेच्या वादात एके काळी वतनदार महारांची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण गावाची शीव त्यांच्या पायाखालची होती. आजही गुरे घेऊन माथ्यावर जाणाऱ्या महादेव कोळी वृद्धांना अशा खुणा ठाऊक असतात. मात्र त्यांना ‘हद्दीचा दगड’ असे न विचारता ‘शिवेचा धोंडा’ असे विचारावे.

एक कळकळीची विनंती आहे. दगड सापडला तर तो हलवू नये, खरवडू नये, त्याच्याखाली खणूही नये. हद्दीच्या खुणांखाली कोळसा, खापरे, राख पुरण्याची रीत फार जुनी आहे, मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही तिचा उल्लेख येतो. परंतु कुतूहलापोटी खणलेली खूण कायमची साक्ष गमावते, आणि हद्दीच्या खुणांची नासधूस हा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 नुसार गुन्हाही आहे. फुली अस्पष्ट असेल तर खडू किंवा पीठ न चोळता सकाळी लवकर जावे. तिरप्या उन्हात टाकीचे घाव स्वतःच उठून दिसतात.

गवत बसल्यानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत जावे. कड्याच्या कोरेवर वाळल्या गवताचा घसारा फसवा असतो आणि आग्या मोहोळांजवळ धूर किंवा अत्तराचा वास नको. मार्ग अभयारण्यातून जात असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. वहीत प्रत्येक दगडाचे स्थान, उंची, माथ्यावरची खूण आणि तेथून पुढची कोणती जागा दिसते हे लिहावे. जेथे दगड असायला हवा होता पण मिळाला नाही, ती जागाही त्याच काळजीने नोंदवावी.