मूत्रवाहिनीतल्या गाठीची ऑपरेशनआधी दुर्बिणीतून बायोप्सी केल्यास कॅन्सर पसरतो का?

शरीरात इतरत्र पसरण्याचं किंवा आयुष्य कमी होण्याचं प्रमाण त्यामुळे वाढल्याचं अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. पण किडनी आणि मूत्रवाहिनी काढल्यानंतर मूत्राशयात नवी गाठ येण्याचा धोका नक्की वाढतो. सुटलेल्या पेशी दुर्बिणीतून सोडलेल्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर खाली येऊन मूत्राशयाच्या अस्तरात रुजतात, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. म्हणूनच युरोपीय युरॉलॉजी संघटना सांगते की सीटी युरोग्राफी (किडनी-मूत्रवाहिनीचा सीटी स्कॅन) आणि लघवीतल्या पेशींची तपासणी यांवरून निदान किंवा धोक्याची पातळी ठरत नसेल, तेव्हाच ही दुर्बिणीची तपासणी करावी, तीही शक्यतो बायोप्सी न घेता. सीटीत गाठ भिंतीत घुसलेली आणि लघवीत हाय-ग्रेड (जास्त आक्रमक) पेशी असतील, तर बायोप्सीचा उपयोग थोडाच. गाठ एकच, २ सेंमीपेक्षा लहान आणि लो-ग्रेड (कमी आक्रमक) वाटत असेल तर मात्र बायोप्सी जरूर करून घ्या, किडनी वाचू शकते! एक मर्यादा: चिमट्यात येणारा तुकडा इवलासा असतो, त्यावरून गाठीची खोली कळत नाही आणि ग्रेडही प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकते.

सर्जनला दोन गोष्टी विचारा:
- ऑपरेशननंतर मूत्राशयात मायटोमायसिन या कॅन्सरवरच्या औषधाचा एक डोस देणार का? त्याने मूत्राशयात नवी गाठ येण्याचा धोका कमी होतो. टाके गळत असतील तर देत नाहीत.
- पहिली सिस्टोस्कोपी (दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी) ३ महिन्यांनी होणार ना?