कानबाईच्या रात्री नक्की कोण बोललं

प्रिय भाऊ,

तुझ्या नाटकाची स्क्रिप्ट परवा रात्री एका बैठकीत वाचून काढली. लाइट गेलेली होती, मोबाइलच्या टॉर्चवर वाचत होतो, आणि दोन ठिकाणी एवढ्या मोठ्याने हसलो की तुझी काकू आतून ओरडली, काय व्हयनं म्हणून. तर हसवता येतं तुला, त्याचं टेन्शन घेऊ नको.

माझं दुखणं वेगळं आहे. तू एक सीन हसायचा ठेवलास मग एक रडायचा, मग परत हसायचा आणि शेवटी आरती, म्हणजे पंगतीत कसं एक जण भात टाकून जातो की मागून दुसरा वरण घेऊन येतो तसं. घरात असं होत नाही रे. घरात ज्या गोष्टीवर हसू येतं ना, बहुतेक तीच दुखत असते.

तुझ्या नाटकातल्या मोठ्या भावाचंच घे. दारू पितो, बायको रडते, आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत कानबाईसमोर, म्हणजे आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीसमोर, हात जोडतो आणि सुटली दारू! मी असं कुठं पाहिलं नाही बाबा. मी काय पाहिलंय ते सांगतो. आमच्या गल्लीत एकाने माळ घातली, मुक्ताईच्या पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला पायी जाऊन आला, तीन महिने एकदम सरळ. मग एका संध्याकाळी त्याने काय केलं, तर माळ काढली, डोळ्याला लावली, खुंटीला नीट अडकवली आणि मग गेला प्यायला. माळ घालून पिणार नाही, एवढा श्रद्धाळू! सगळा गाव हसायचा या गोष्टीवर, मीही हसायचो. पण त्याची बायको शेतातून आली की चप्पल काढायच्या आधी खुंटीकडे बघायची. आता सांग हा सीन कॉमेडी आहे का सिरियस आहे का भक्तीचा आहे? एक खुंटी आणि एक माळ, बस. तुझ्या चार पानांच्या डायलॉगचं काम ती खुंटी करते.

कानबाई घेतलीस ते मात्र एक नंबर केलंस, पण नुसती सजावट म्हणून घेतलीस. नारळाला नथ, गाणी, सोमवारचं विसर्जन, आणि झालं. अरे तिच्या रोटांमध्ये, त्या प्रसादाच्या जाड पोळ्यांमध्ये, अख्खं नाटक पडलंय! नागपंचमीनंतरचा रविवार, सुरत-पुणे-मुंबईला गेलेले सगळे घरी आलेले, आणि रोट भाऊबंदांनीच खायचे, म्हणजे बांधावरून ज्याच्यावर केस टाकली तोसुद्धा शेजारीच पाट टाकून बसणार. तीन वर्षं बोलणं बंद, मग मध्ये एखादं पोरगं बसवायचं आणि त्याच्यामार्फत बोलायचं, "तुझ्या काकाला सांग खीर घ्यायला." "तुझ्या बाबाला सांग तारीख सोळाची आहे." हसू येणार, येऊ दे, फक्त त्या पोराला एकदा मध्येच विचारू दे की मी जेवू का आता.

आणि आमच्या घरची एक रात्र सांगतो, वापरायची तर वापर. मी नववी-दहावीत असेन. कानबाईची रात्र, गाणी चाललेली, आणि मधल्या काकूच्या अंगात आलं. ही काकू म्हणजे सासऱ्यांसमोर कधी मान वर केली नाही अशी बाई. ती घुमायला लागली आणि आमच्या आजोबांना अरे-तुरे करून विचारायला लागली, कापसाचे पैसे कुठे घातले बोल, थोरल्याच्या पोराला बूट आणि मधल्याची पोर अनवाणी का बोल. आणि आजोबा, ज्यांच्यापुढे तलाठी उभा राहायचा, ते हात जोडून चुकलो माय, चुकलो माय करत होते. आम्ही पोरं तोंडात रुमाल कोंबून हसत होतो आणि घाबरलोही होतो. पुढच्या बाजाराला चुलतबहिणीला चप्पल आली. काकूला कोणी विचारलं नाही की काय आठवतंय का तुला.

त्या रात्री देवी बोलली का काकू बोलली, मला आजपर्यंत माहीत नाही, आणि तुझ्या नाटकातही ते कोणाला कळू देऊ नको. तू लगेच डॉक्टर असलेल्या भाच्याला आणून समजावून सांगायला लावतोस, तो भाचा काढून टाक आधी. उलट बाजूने चमत्कार दाखवून टाळ्याही घेऊ नको. मी हा गाढवपणा केलेला आहे. कॉलेजात एकांकिका लिहिली होती, अंगात येणाऱ्या बाईची यथेच्छ टिंगल, हशा असा की बास. आई दुसऱ्या रांगेत होती. घरी येऊन एवढंच म्हणाली, ती बाई काय मागत होती ते नाही दाखवलं तू.

देवाधर्मावर हसलं की लोक चिडतात हे अर्धवट खरं आहे. तमाशात गणात गणपतीला नमन होतं आणि लगेच गवळणीत मावशी कृष्णाची फिरकी घेते, कोण चिडतं? नाथांचं भवानी आईला रोडगा वाहायचं भारूड आठव. सोळाव्या शतकातली सून देवीकडे नवस करते की माझं सासर एकेक करून उचल, लोक पोट धरून हसतात, आणि शेवटी एकटीच राहू दे म्हणते तेव्हा कळतं की हे प्रकरण वेगळंच आहे. 'देऊळ' (2011) मध्येही देवाच्या बाजाराची टर उडवलीय, नायक केश्याच्या भक्तीची नाही. 'एलिझाबेथ एकादशी' (2014) परत बघ, पंढरपूरची गोष्ट, कर्जापायी आईचं मशीन गेलंय, पण विठोबा येऊन पैसे देत नाही, पोरंच यात्रेत धंदा मांडतात. (बहिणाबाईंचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये, आपल्याकडे गटारीच्या उद्घाटनातही घेतात.)

अजून एक, जरा रागाने सांगतोय. तुझ्या नाटकात अहिराणी फक्त सालदार, म्हणजे शेतावरचा सालगडी, बोलतो आणि तो बोलला की लोकांनी हसायचं. आणि बाप जमीन विकायची गोष्ट काढतो तेव्हा एकदम पुस्तकी मराठी! कोणता खान्देशी बाप असं बोलतो रे? त्याचं ते वाक्य अहिराणीत लिही, भले पुण्याच्या परीक्षकाला नाही कळलं. सालदाराला पाहिजे तर प्रमाण मराठी दे, तो टीव्ही बघतो, जास्त हसू येईल.

बाकी टायमिंग वगैरे तालमीत बघू. नवीन ड्राफ्ट पीडीएफ पाठवू नको, झेरॉक्स काढून आण, आणि श्रावणात कानबाईच्या रविवारी ये. रोट तुला मिळणार नाहीत, तू भाऊबंद नाहीस, पण रात्री गाण्यांना ओट्यावर बस. माझी ती मधली काकू आता ऐंशीच्या पुढे आहे, कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवते. तिला काही विचारू नको फक्त.

तुझा,
सर